शांत गल्लीतलं घर घेताना : वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं पुण्यातली आहेत आणि जवळजवळ सगळी जुन्या सोसायटीतल्या रीसेल फ्लॅटबद्दलची. म्हणून आकडे आणि नियम पुण्याचे धरले आहेत. इतर शहरांत मुद्रांक शुल्क आणि रस्त्यांचे तपशील वेगळे असू शकतात.

प्रश्न : एरंडवण्यात एका आतल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके पाहिला आहे. समोर जुना बंगला, मागे झाडं, वाहनं अगदी तुरळक. ही शांतता टिकेल का, हे आधी कळायचा काही मार्ग आहे का?

बऱ्याच अंशी कळतं, पण गल्लीत उभं राहून कळत नाही. त्यासाठी नकाशा पाहावा लागतो.

गल्ली शांत असते ती बहुतेकदा अरुंद असते म्हणून, आणि तिथे उद्या काय उभं राहील हेही तिची रुंदीच ठरवते. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर 2020 पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. पेठांसारखी दाट वस्ती सोडली तर महापालिका हद्दीत 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येईल तो आकडा, 1.10 मिळतो, वर ना प्रीमियमचा (सरकारी शुल्क भरून मिळणारा), ना टीडीआर (दुसऱ्या जमिनीचे विकत घेतलेले बांधकाम हक्क). रस्ता 9 मीटर झाला की 1.10 मध्ये प्रीमियमचे 0.50 आणि टीडीआरचे 0.40 मिळून 2.00 होतात. 12 मीटरला 2.25, 15 मीटरला 2.50. शिवाय निवासी बांधकामाला शुल्क भरून 60 टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय असतो.

समोरच्या बंगल्याचा प्लॉट 500 चौरस मीटरचा धरा. गल्ली 6 मीटरची असेल तर तिथे 500 गुणिले 1.10 गुणिले 1.60, म्हणजे 880 चौरस मीटर बांधता येईल. तीच गल्ली 9 मीटरची ठरली तर 1,600. जवळजवळ दुप्पट बिऱ्हाडं, दुप्पट गाड्या, आणि त्याआधी दोन-तीन वर्षं ड्रिलिंग आणि काँक्रीटच्या गाड्या. एजंट 'प्राइम लोकेशन' म्हणून जे सांगतो ते बरेचदा हेच असतं.

म्हणून पहिलं काम टेपने रस्ता मोजायचं, एका कंपाउंडपासून समोरच्या कंपाउंडपर्यंत. मग महापालिकेत विकास आराखड्याचा अभिप्राय, म्हणजे झोन दाखला, मागवा. त्यात रस्त्याची आराखड्यातली रुंदी आणि जवळची आरक्षणं कळतात. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा जानेवारी 2017 मध्ये मंजूर झाला. पण आराखड्यात 6 मीटर दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली रस्त्याची नियमित रेषा आखून तो 9 मीटर करता येतो, आणि पुण्यात सहा मीटरच्या अनेक रस्त्यांसाठी असे प्रस्ताव आलेले आहेत. तुमच्या रस्त्याचं नाव त्यात आहे का, हे पथ विभागात किंवा बांधकाम परवानगी विभागात स्वतंत्रपणे विचारावं लागतं. झोन दाखला देणारा माणूस ते आपणहून सांगेलच असं नाही.

दुसरं, शेजारचे प्लॉट. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर समोरच्या बंगल्याचा सर्व्हे किंवा सिटीएस (नगर भूमापन) क्रमांक टाकून विकसन करारनामा (बिल्डरला बांधायला देण्याचा करार) नोंदला आहे का ते पाहा. गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावरही शोधा. मात्र 500 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची नसते. त्यामुळे तिथे नाव नाही याचा अर्थ काम होणार नाही असा होत नाही. मोकळं मैदान दिसलं तर त्यावर आरक्षण कशाचं आहे ते पाहा. बागेचं असेल तर उत्तम. मंडईचं असेल तर एजंटने दाखवलेला तो 'ओपन व्ह्यू' विसरा.

झाडांवर फार भिस्त ठेवू नका. खाजगी प्लॉटवरची झाडं वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीने तोडली जातात.

प्रश्न : आवाजाची खात्री टोकन देण्याआधी कशी करायची? एजंट नेहमी दुपारी तीन वाजताच दाखवायला नेतो.

दुपारी तीनला लक्ष्मी रोडही बरा वाटतो. स्वतः जा, आणि वेळा निवडून जा. पहाटे साडेपाच ते साडेसहा : दूध, सोसायटीचा पंप, प्रार्थनास्थळांचे भोंगे. सकाळी सात ते साडेआठ : शाळेच्या व्हॅन आणि त्यांचे हॉर्न. संध्याकाळी सात ते दहा. आणि लग्नाच्या मुहूर्ताची एक रविवारची सकाळ, कारण आसपास मंगल कार्यालय असेल तर ते त्याच दिवशी कळतं. बँड एक तास वाजतो, पण पाहुण्यांच्या गाड्या तुमच्या फाटकासमोर दिवसभर असतात.

फ्लॅटमध्ये उभं राहून इमारतीचेच आवाज ऐका. सगळ्यात वरचा मजला असेल तर लिफ्टची मशीन रूम आणि पाण्याची टाकी कोणत्या खोलीवर येते? लिफ्ट चार वेळा वरखाली करायला सांगा आणि बेडरूममध्ये थांबा. पहिला मजला असेल तर पंप कुठे आहे, त्याखाली रबर पॅड आहेत का, फाटक लोखंडी सरकतं आहे का, हे पाहा. खिडकीखाली महावितरणचा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याची घरघर रात्रीच जाणवते, दिवसा ती रस्त्यात मिसळून जाते. गल्लीत अभ्यासिका, पीजी, क्लासेस, क्लाउड किचन आहे का? क्लाउड किचनला पाटी नसते. दाराशी उभ्या डिलिव्हरीच्या दुचाकी मोजा.

कायद्याचे आकडे हाताशी असू द्या. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा सकाळी 6 ते रात्री 10 पर्यंत 55 डेसिबल आणि रात्री 45 आहे; व्यापारी भागात 65 आणि 55. बांधकामाची आवाज करणारी यंत्रं निवासी भागात रात्री चालवता येत नाहीत. मोबाइलवरचं मापक ढोबळ असतं, पण दोन फ्लॅटची तुलना करायला पुरतं : एकाच फोनने, खिडकी उघडी ठेवून, खोलीच्या मध्यभागी पाच मिनिटं.

जाताजाता पाण्याचंही विचारा. माणशी रोज 135 लिटर हा नियोजनाचा आकडा आहे. 16 फ्लॅट, घरटी पाच माणसं धरली तर दिवसाला 10,800 लिटर लागतात. जमिनीखालची आणि गच्चीवरची टाकी मिळून एवढं साठतं का, आणि मार्च ते जूनची टँकरची बिलं किती, हे सचिवांना विचारा. टँकर म्हणजे पैसाही आणि पहाटेचा आवाजही.

प्रश्न : विक्रेता 'पार्किंग वेगळं विकत घेतलेलं आहे' म्हणून चार लाख जास्त मागतो. पार्किंग स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेतलं आहे.

देऊ नका. उघडं किंवा स्टिल्टखालचं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, ती सामाईक जागा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये पांचाली सोसायटीच्या खटल्यात ठरवलं. पार्किंगचं वाटप सोसायटी करते. विक्रेत्याला दिलेली जागा तुमच्याकडे आपोआप येईल असं गृहीत न धरता सोसायटीकडून लेखी घ्या : कोणत्या क्रमांकाची जागा, कायमची की दरवर्षी चिठ्ठी टाकून. आणि आपली गाडी एकदा तिथे लावून बघा. 1980-90 च्या इमारतींमधले खांब आजच्या एसयूव्हीच्या मापाचे नाहीत.

प्रश्न : सोसायटी ट्रान्सफरसाठी दोन लाख 'ऐच्छिक देणगी' मागते. नाही दिली तर एनओसी (ना हरकत दाखला) नाही म्हणतात.

महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे. त्याशिवाय 500 रुपये हस्तांतरण शुल्क आणि 100 रुपये प्रवेश शुल्क. एकूण 25,600. देणगीच्या नावाखाली जास्त घेता येत नाही. आदर्श उपविधींनुसार विक्रीला सोसायटीच्या एनओसीची अट नाही. विक्रेत्याने 15 दिवस आधी नोटीस द्यायची असते. एनओसी लागते ती बँकेला, आणि नेमकं तिथेच अडवलं जातं. विक्रेत्याला लेखी अर्ज करून पोच घ्यायला सांगा. लेखी नकार द्यायची वेळ आली की बहुतेक समित्या 25,600 वर येतात. नाहीच आल्या तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार होते.

प्रश्न : फ्लॅट विक्रेत्याच्या वडिलांच्या नावे होता. ते वारले, मोठा मुलगा नॉमिनी म्हणून सोसायटीत लागला, शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावे आहे. आई हयात आहे, बहीण अमेरिकेत. त्याच्या एकट्याच्या सहीने खरेदी चालेल का?

नाही. नॉमिनीची नोंद सोसायटीच्या सोयीसाठी असते, मालकी वारसांची असते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे, मुली (आणि मृताची आई हयात असेल तर तीही) समान वाटेकरी. तुमच्या बाबतीत आई, मुलगा आणि बहीण तिघांचाही एक तृतीयांश हिस्सा.

मार्ग दोन. तिघांनी विक्रेते म्हणून करारावर सही करायची, किंवा आई आणि बहिणीने मुलाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं आणि मग त्याने विकायचं. साध्या नोटरीच्या कागदावरची 'ना हरकत' घेऊन पुढे जाऊ नका. पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा त्या वेळच्या खरेदीदाराचा वकील तिथेच बोट ठेवेल.

बहीण येऊ शकत नसेल तर कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी). अमेरिकेत ते भारतीय वकिलातीसमोर साक्षांकित करून किंवा नोटरी व अपोस्टिल (परदेशी कागदाचं तिथलं सरकारी प्रमाणीकरण) करून पाठवावं लागतं. इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. ही मुदत सर्रास चुकते. पत्रात फ्लॅटचा पूर्ण तपशील, किंमत स्वीकारण्याचा आणि नोंदणीचा अधिकार स्पष्ट हवा. नोंदणीच्या दिवशी मुखत्यार देणारी व्यक्ती हयात आहे आणि पत्र रद्द केलेलं नाही, असं घोषणापत्रही लागतं.

बहीण करासाठी अनिवासी असेल तर तिच्या हिश्श्यावर नेहमीची एक टक्का करकपात चालत नाही. अनिवासी विक्रेत्यासाठी कपात भांडवली नफ्याच्या दराने, बरीच जास्त असते, आणि कमी कापली तर आयकर खातं तुमच्याकडे येतं. करार लिहिण्याआधी सीए गाठा, नंतर नको.

वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च (जुन्या नोंदींची तपासणी), दैनिकात जाहीर नोटीस, हरकतींसाठी 14-15 दिवस, हा क्रम पाळा. मूळ बिल्डरपासून आजपर्यंतचे सगळे करार आणि प्रत्येकाची सूची दोन (नोंदणीचा उतारा) मागा. मधला एखादा करार नोंदवलेला नसेल किंवा त्यावर शुल्क कमी भरलेलं असेल तर तो खर्च विक्रेत्याचा, हे टोकनच्या पावतीतच लिहा.

प्रश्न : इमारत 1986 ची आहे. 'लवकरच रीडेव्हलपमेंट होणार, नवीन मोठं घर मिळेल' म्हणून भाव जास्त सांगतात. घ्यावं का?

'लवकरच'ची किंमत मोजू नये. राहायला घर हवं असेल तर आज ते जसं आहे त्याचा भाव द्या. मग पुनर्विकास झालाच तर तो वरकड.

तो होईल का, याचा अंदाज पहिल्या उत्तरातल्या रस्त्याच्या रुंदीवरून येतो. 6 मीटरच्या गल्लीत 1.10 वर बिल्डरला विकायला फारसं काही उरत नाही, म्हणून अशा सोसायट्या वर्षानुवर्षं फक्त निविदा मागवत राहतात. गंमत अशी की शांततेसाठी जी गल्ली निवडाल तिथे पुनर्विकास कठीण, आणि जिथे तो सोपा तिथे शांतता तात्पुरती. दोन्ही आश्वासनं एकाच दमात देणारा एजंट यांपैकी एक तरी खोटं सांगतो आहे.

कागदांत आधी कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे का, ते बघा. प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबाऱ्यावर सोसायटीचं नाव आहे की अजून मूळ जमीनमालकाचं? नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरने सही केली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावे करण्याचा) अर्ज झाला आहे का? 2008 च्या दुरुस्तीपासून ही सोय आहे, तरी कित्येक सोसायट्या हललेल्या नाहीत. मग भोगवटापत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला) आणि मंजूर नकाशा. बंद केलेली बाल्कनी, खोलीत घेतलेली टेरेस नकाशाशी जुळते का पाहा. पुनर्विकासात मोबदला मंजूर नकाशातल्या कार्पेटवर (भिंती सोडून आतल्या क्षेत्रावर) ठरतो. जुन्या करारातले '850 बिल्टअप' म्हणजे साधारण 1.2 ने भागून 700 च्या आसपास. प्रत्यक्ष टेप लावा.

मग सभेची इतिवृत्तं वाचा, किमान तीन वर्षांची. 2019 च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या सभेला दोन तृतीयांश सदस्यांची गणपूर्ती आणि एकूण सदस्यांपैकी 51 टक्क्यांची संमती लागते. इतिवृत्तात त्यातलं काय झालं ते दिसतं, आणि कोण कोणाशी भांडतो तेही. विकसन करार आधीच नोंदला असेल तर भाडं, कॉर्पस (बिल्डरने द्यायची एकरकमी रक्कम), वाढीव क्षेत्र हे सगळे हक्क तुमच्याकडे येतात, असं तुमच्या खरेदीखतात शब्दशः हवं.

संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा. उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी, 30 च्या वर दर तीन वर्षांनी तपासणी व्हायला हवी. तुमच्या डोळ्यांनाही बरंच दिसेल. स्टिल्टमधल्या खांबांवर उभ्या, सळईला समांतर भेगा म्हणजे आत गंज धरला आहे. गंजलेली सळई फुगते आणि बाहेरचं काँक्रीट ढकलते. छज्ज्याखाली आणि संडासाच्या स्लॅबखाली पोपडे, तपकिरी ओघळ, उघड्या सळया पाहा. नुसत्या गिलाव्यावरच्या केसासारख्या वेड्यावाकड्या भेगांना घाबरू नका. नाण्याने ठोकून पोकळ आवाज येतो का ऐका. नुकताच रंग दिलेला असेल तर ओल कपाटाच्या मागे आणि मोरीच्या बाहेरच्या भिंतीला, जमिनीपासून फूटभर उंचीत शोधा. गच्चीतून गळत असेल तर दुरुस्ती सोसायटीची. वरच्या फ्लॅटच्या संडासातून गळत असेल तर ती वरच्याशी वाटाघाट, आणि ती तुम्हाला वारशात मिळणार.

सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवायच्या निधीत) किती आहे ते विचारा. बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के या हिशोबाने तो जमायला हवा. मेंटेनन्स फारच कमी असल्याचं कौतुक ऐकलंत तर बहुधा हा फंड रिकामा आहे.

प्रश्न : किंमत 90 लाख. 80 टक्के कर्ज मिळेल म्हणतात. मग 18 लाख हातात असले की भागेल?

भागणार नाही. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे 6,30,000. फक्त महिलांच्या नावे खरेदी असेल तर 6 टक्के, 5,40,000. नवरा-बायको दोघांच्या नावे केलीत तर सवलत जाते. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल 30,000. सोसायटीचे 25,600. वकील, दलाली, बँकेची प्रोसेसिंग आणि गहाणखताचं शुल्क वेगळं. मुद्रांकासाठी कर्ज गृहीत धरू नका. ते घराच्या किमतीत धरलं जात नाही. रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य करारापेक्षा जास्त निघालं तर शुल्क त्या मूल्यावर लागतं.

80 टक्के हा आकडा 30 ते 75 लाखांच्या कर्जासाठीची कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. बँकेच्या मूल्यांककाने 84 लाख धरले तर कर्ज 67,20,000 मिळेल आणि 4,80,000 अचानक तुमच्यावर येतील. जुन्या इमारतीत हे नेहमी होतं. म्हणून टोकन देण्याआधी बँकेकडून किमान तोंडी अंदाज घ्या. 'मालकी हक्कातील दोषामुळे कर्ज नाकारल्यास टोकन पूर्ण परत' हे वाक्य पावतीत घाला.

50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर निवासी विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का कर कापून तुम्हीच भरायचा असतो. तुमच्या बाबतीत 90,000. बँक आपले 72 लाख थेट विक्रेत्याला देते. त्यामुळे ही कपात तुमच्या 18 लाखांतून करायची : 17,10,000 विक्रेत्याला, 90,000 सरकारला. कापलेल्या महिन्याच्या अखेरीपासून 30 दिवसांत भरा, नाहीतर व्याज आणि रोजचा दंड सुरू होतो.

ताबा मिळाला की वीजमीटर, गॅस आणि मिळकतकर नावावर करून घ्या. पुण्यात स्वतः राहत्या घराला मिळकतकरात 40 टक्के सवलत आहे, पण तिच्यासाठी पीटी-3 अर्ज पुराव्यासह द्यावा लागतो.

प्रश्न : घर घेतलं, आवडलं, पण बेडरूमच्या खिडकीतून रस्त्याचा आवाज येतो. डबल काचेची खिडकी बसवली तर बंद होईल?

बंद होणार नाही, कमी होईल; आणि तेही काचेपेक्षा फटींवर अवलंबून आहे. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीत दोन पल्ल्यांमध्ये नुसता केसाळ ब्रश असतो, त्यातून हवा वाहते. तिच्यात महागडी काच घालणं म्हणजे पैसे वाया. बाहेर उघडणारी, चारही बाजूंना रबर गॅस्केट आणि एकाहून जास्त ठिकाणी कुलूप लागणारी खिडकी घ्या. काच लॅमिनेटेड, म्हणजे मधे फिल्म असलेली. 12 मिलिमीटर हवेच्या पोकळीची डबल काच उन्हासाठी चांगली, पण बसच्या इंजिनाच्या खर्जाला तिचा फारसा उपयोग नाही.

जुन्या इमारतीत बाहेरची भिंत नऊ इंची असते, तिचा फायदा घ्या. आहे ती खिडकी ठेवून आतल्या कडेला दुसरी बसवा, दोन्हींत 80 ते 100 मिलिमीटर अंतर ठेवून. खर्जाच्या आवाजाला ही जोडी डबल काचेपेक्षा चांगली, आणि बाहेरचं रूप बदलत नसल्याने सोसायटीशी वादही नाही. एसीच्या पाइपचं भोक आणि चौकटीभोवतीची फट सिलिकॉनने बुजवा. खिडकी बंद ठेवायची तर हवेसाठी शांत बाजूची एखादी खिडकी उघडी राहील अशी व्यवस्था आधी करा.

काम झाल्यावर पंखा बंद करून पेटती उदबत्ती चौकटीभोवती हळूहळू फिरवा. धूर जिथे हलतो तिथली गॅस्केट कारागिराकडून बदलून घ्या आणि मगच उरलेले पैसे द्या.